शिल्पाला उजेड हवा, व्हिडिओला अंधार: दोन्ही एकाच दालनात कसे बसवावे?

आपला प्रश्न मला समजला तो असा. बंदरावरून जमवलेल्या जुन्या मासेमारीच्या जाळ्यांपासून आपण सहा टांगती शिल्पे केली आहेत, त्याच बंदरावरील पहाटेच्या लिलावाचा चौदा मिनिटांचा व्हिडिओ आपल्याजवळ आहे, आणि आपल्या शहरातील वस्तुसंग्रहालयाने दोन महिन्यांसाठी ३० फूट बाय २० फुटांचे, १४ फूट उंचीचे एक दालन देऊ केले आहे. चाचणी घेतली तेव्हा शिल्पांवर दिवे टाकताच भिंतीवरचा व्हिडिओ फिका पडला, आणि दिवे मालवताच शिल्पे दिसेनाशी झाली. म्हणून ३५०० ल्यूमेनऐवजी ७००० ल्यूमेनचा (ल्यूमेन म्हणजे प्रोजेक्टर एकूण किती उजेड फेकतो त्याचे माप) प्रोजेक्टर भाड्याने घ्यावा का, असे आपण विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे मुंबई-पुण्याच्या कलादालनांत आणि संग्रहालयांत प्रदर्शनांच्या तांत्रिक मांडणीचे काम करतो. हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी दोन-तीनदा तरी येतो, आणि प्रत्येक वेळी तो प्रोजेक्टरच्या ताकदीचा प्रश्न म्हणूनच येतो. माझ्या मते तो ताकदीचा प्रश्न नाही. दालनातला उजेड कोणाच्या मालकीचा, असा तो प्रश्न आहे. आपण आज शिल्पांना एक उजेड आणि व्हिडिओला दुसरा उजेड देत आहात, आणि हे दोन उजेड एकमेकांच्या मुळावर येत आहेत. त्यांतला एक दुप्पट केल्याने भांडण मिटत नाही.

आधी हिशेब पाहू. समजा चित्र ४ मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच आहे, म्हणजे क्षेत्रफळ ९ चौरस मीटर. ३५०० ल्यूमेनला ९ ने भागले की भिंतीवर सुमारे ३९० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला तितके ल्यूमेन, उजेड पडतो. आता शिल्पांच्या दिव्यांचा सांडलेला उजेड त्याच भिंतीवर ६० लक्स इतका आहे असे धरा. प्रोजेक्टर काळा रंग निर्माण करू शकत नाही, त्यामुळे भिंतीवर आधीच जो उजेड आहे तोच आपल्या व्हिडिओतला काळा रंग ठरतो. म्हणजे सर्वांत उजळ जागा ४५० आणि सर्वांत काळी जागा ६०, प्रमाण साडेसातास एक. ७००० ल्यूमेनचा प्रोजेक्टर आणला तर हे प्रमाण चौदास एक होते, आणि भाडे दुपटीहून बरेच वाढते. त्याऐवजी जुनाच प्रोजेक्टर ठेवून भिंतीवरचा सांडलेला उजेड ६० वरून ६ लक्सवर आणला, तर प्रमाण जवळजवळ सहासष्टास एक होते. प्रत्यक्षात आकडे याहून कमी भरतात, कारण प्रोजेक्टरचा ‘काळा’सुद्धा किंचित राखाडी असतो आणि चित्राचा उजेड समोरच्या पांढऱ्या भिंतींवर आपटून परत येतो, पण कोणत्या बाजूला पैसे आणि मेहनत घालायची, हे या भागाकारावरून स्पष्ट व्हावे. लक्समीटर नसेल तर फोनवरचे ॲप चालेल. त्याचा आकडा अचूक नसतो, पण दोन जागांची तुलना त्याने होते.

आता अंधार केला तर शिल्पे कशी दिसणार, हा आपला मूळ पेच. येथे मी तंत्र बाजूला ठेवून नलिनी मलानी यांच्या दोन कामांकडे आपले लक्ष वेधतो, कारण एकाच कलावतीने या पेचाची दोन वेगवेगळी उत्तरे दिली आहेत आणि दोन्ही उत्तरांत शिल्पांसाठी वेगळा दिवा नाही.

पहिले काम म्हणजे उर्दू कथाकार सआदत हसन मंटो यांच्या फाळणीवरच्या कथेवरून सुचलेले ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’. मे १९९८ च्या पोखरण अणुचाचण्यांनंतरचे हे काम १९९९ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, मांडले गेले. मी तेव्हा विद्यार्थी होतो आणि संग्रहालय म्हणजे मूर्ती, लघुचित्रे आणि काचेची कपाटे अशीच माझी समजूत होती. त्या दालनात जमिनीवर बारा पत्र्याच्या ट्रंका होत्या, फाळणीत घर सोडणाऱ्यांनी उचलल्या असतील तशा. ट्रंकांत गोधड्या आणि गोधड्यांमध्ये मॉनिटर, त्यांवर जगभरच्या विस्थापितांची दृश्ये. भिंतींवर प्रोजेक्टरची मोठी चित्रे होती: समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन स्त्रिया मधल्या रिकाम्या जागेपलीकडून एकच साडी घडी घालू पाहत होत्या, आणि मधल्या भिंतीवर अणुस्फोटांची दृश्ये. मला आजही आठवतो तो ट्रंकेच्या झाकणाच्या आतल्या बाजूवर पडलेला निळसर उजेड. ती ट्रंक दिसत होती ती तिच्या पोटातल्या व्हिडिओमुळे. वरून दिवा टाकण्याची गरजच उरली नव्हती. मॉनिटरचा उजेड खोक्यात बंदिस्त राहत असल्याने तो भिंतीवरच्या चित्राला फारसा त्रासही देत नाही; म्हणजे दृश्याच्या अर्थासाठी निवडलेली वस्तू तांत्रिक अडचणही सोडवून जाते.

दुसरे उत्तर याच्या उलट आहे, आणि आपल्या जाळ्यांना तेच जवळचे वाटते. मलानी मायलरच्या, म्हणजे एका पारदर्शक प्लास्टिकच्या, नळकांड्यांवर आतल्या बाजूने रंगवतात. ही उलट्या रंगकामाची रीत काचेवरच्या चित्रांतून आलेली आहे: जे डोळ्यांना सर्वांत पुढे दिसायचे ते आधी रंगवायचे आणि पार्श्वभूमी शेवटी. ती त्या चित्रकार भूपेन खक्कर यांच्याकडून शिकल्या. ही नळकांडी छताला टांगून मोटरवर संथ फिरवली जातात आणि प्रोजेक्टरच्या झोतातच ठेवली जातात. २०१२ साली जर्मनीतील कासेलच्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात दाखवलेल्या ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’ या कामात, ज्याचे नाव उर्दू कवी फैज यांच्या कवितेवरून घेतलेले आहे, अशी पाच नळकांडी आणि सहा व्हिडिओ-झोत आहेत आणि एक फेरा अकरा मिनिटांचा आहे. झोत नळकांड्यातून जातो, रंगवलेल्या आकृत्यांच्या सावल्या भिंतीवर फिरू लागतात आणि त्या सावल्यांमधून व्हिडिओ चालू राहतो. त्या स्वतः याला व्हिडिओ आणि छायाखेळ असे जोडनाव देतात. या मांडणीत शिल्प व्हिडिओच्या वाटेत येते, पण ती अडचण नसते; व्हिडिओचा उजेडच शिल्पाला दृश्यमान करतो आणि शिल्प त्या व्हिडिओचा आकार बदलते.

मराठी माणसाला हे परके वाटण्याचे कारण नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातील कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात, तेव्हा पडद्यावर पडते ती रंगीत सावली, कारण कमावून पातळ केलेल्या कातड्यातून दिव्याचा उजेड आरपार जातो. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शांबरिक खरोलिकेचे, म्हणजे मॅजिक लँटर्नचे, खेळ केले, त्यांत काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्यापुढे सरकत होती. प्रोजेक्टर नवा आहे. दिवा, त्याच्यापुढची वस्तू आणि मागचा पडदा हा संसार जुनाच आहे.

आपल्या जाळ्यांबाबत आता नेमके बोलतो. माझे पहिले सुचवणे असे की शिल्पांवरचे सगळे दिवे काढून टाकावेत आणि सहांपैकी निदान तीन जाळी प्रोजेक्टर आणि भिंत यांच्यामध्ये टांगावीत. ३० फुटांच्या लांबीत आखूड भिंतीवर चित्र घेतले आणि प्रोजेक्टर भिंतीपासून ६ मीटरवर ठेवला (थ्रो रेशो, म्हणजे प्रोजेक्टरचे अंतर भागिले चित्राची रुंदी, दीडचा असेल तर ४ मीटर रुंदीचे चित्र तेथूनच येते), तर मधल्या जागेत आपल्याला खेळायला भरपूर वाव आहे. पण जाळे कोठे टांगता यावर सारे अवलंबून राहील. प्रोजेक्टरपासून दीड मीटरवर झोत फक्त १ मीटर रुंद असतो. तेथे टांगलेले मीटरभर जाळे सगळे चित्र व्यापेल आणि त्याची सावली चौपट मोठी पडेल. भिंग ३ सेंटिमीटरचे धरले तर त्या सावलीच्या कडा मात्र सुमारे ९ सेंटिमीटर विरतील, म्हणजे धागे दिसणारच नाहीत, फक्त जाळ्याच्या घड्या आणि गाठींचे पुंजके ढगासारखे दिसतील. तेच जाळे भिंतीपासून २० सेंटिमीटरवर आणले की कडा जेमतेम मिलिमीटरभर विरते आणि दोन मिलिमीटरचा धागाही रेघ ओढल्यासारखा उमटतो, पण सावली जाळ्याएवढीच राहते. म्हणजे मोठी आणि धूसर, किंवा खऱ्या मापाची आणि रेखीव, यांपैकी निवड करावी लागते. एकाच जाळ्यात दोन्ही मिळत नाहीत. म्हणूनच तीन जाळी तीन अंतरांवर टांगून पाहा: एक दीड मीटरवर, एक मध्ये, एक भिंतीलगत. भिंतीलगतचे जाळे समुद्रासारखे वाटणार नाही, ते वहीतल्या चौकटींसारखे वाटेल; ते आपल्याला हवे आहे का, हे आपणच ठरवायचे.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. सावली पडायला उजेड लागतो. आपला व्हिडिओ पहाटेच्या लिलावाचा आहे, म्हणजे त्यात काळोखाची दृश्ये बरीच असणार. त्या वेळी भिंतीवर ना सावली दिसेल ना जाळे. हे दोष म्हणून पाहू नये. व्हिडिओ पुन्हा संकलित करताना आपण ठरवू शकता की टोपलीतल्या बर्फाचे पांढरे दृश्य आले की जाळे अचानक प्रकट व्हावे आणि माणसे अंधारात निघून गेली की त्यांच्याबरोबर तेही जावे. तेव्हा व्हिडिओ हाच शिल्पाचा स्विच होतो. त्यासाठी चित्रीकरण नव्याने करावे लागत नाही, पण उजळ दृश्यांची लांबी शिल्प डोळ्यांसमोर ठेवून मोजावी लागते. संकलन घरी लॅपटॉपवर बसून उरकले की ही संधी हातची जाते, म्हणून किमान एक रात्र दालनात लॅपटॉप नेऊन तेथे संकलन करावे.

उरलेली तीन शिल्पे झोताबाहेर ठेवायची असतील तर ती प्रोजेक्टरच्या मागच्या बाजूला, प्रवेशाजवळ असावीत. त्यांच्यावर १० अंशांचे अरुंद झोताचे स्पॉट, तोंडाला काळे नळकांडे लावलेले, थेट वरून खाली आणि शक्य तितके मंद असावेत. असे केल्याने प्रेक्षकाचे डोळेही टप्प्याटप्प्याने अंधाराला सरावतात. बाहेरच्या उन्हातून आलेल्या माणसाला अंधारात दिसू लागायला काही मिनिटे लागतात, आणि एका शिल्पासमोर सरासरी प्रेक्षक तेवढा थांबत नाही.

प्रेक्षकांच्या स्वतःच्या सावल्यांचा प्रश्न परिस्थितीवर अवलंबून आहे. झोतात माणूस आलेला आपल्याला चालत असेल तर प्रोजेक्टर छातीच्या उंचीवर ठेवा. चालत नसेल तर साडेतीन मीटर उंचीवर टांगा आणि चित्र खाली आणण्यासाठी कीस्टोन (तिरके पडलेले चित्र यंत्रातच सरळ करण्याची सोय) न वापरता लेन्स शिफ्ट (भिंगच वर-खाली सरकवण्याची सोय) असलेला प्रोजेक्टर मागा, कारण कीस्टोनने चित्र चौकोनी दिसते पण त्याचे पिक्सेल वाया जातात. कलावंत जितिश कल्लाट यांच्या २०१२ च्या ‘कव्हरिंग लेटर’ या कामात तर प्रेक्षकाला चित्रातून आरपारच जावे लागते: गांधीजींनी २३ जुलै १९३९ रोजी हिटलरला लिहिलेले पत्र धुक्याच्या पडद्यावर सरकत असते आणि माणूस त्यातून चालत जातो. आपल्या विषयाला धुके शोभले असते, पण संग्रहालयाचे संवर्धक, म्हणजे वस्तूंची जपणूक करणारे, दालनात दमटपणा सोडू देणार नाहीत, तेव्हा तो मोह टाळलेला बरा.

संवर्धकांचा विषय निघालाच आहे तर जाळ्यांबद्दल सांगून ठेवतो. वापरलेल्या जाळ्यांत मीठ, सुकलेले खवले आणि शेवाळ असते. मीठ हवेतील ओल ओढून घेते आणि शेजारच्या कपाटातील धातूच्या वस्तूंना गंज चढवते. खवल्यांमागून किडे येतात, आणि किड्याइतकी कोणत्याही संग्रहालयाला दुसऱ्या कशाची भीती नसते. जाळी गोड्या पाण्यात तीन-चार वेळा भिजवून, पाणी बदलून, उन्हात कडकडीत वाळवावीत आणि संग्रहालयाला हे लेखी कळवावे. त्याच दालनात जर कागद किंवा कापड यांच्या वस्तू कायमस्वरूपी असतील तर त्यांच्यावर साधारण ५० लक्सच्या वर उजेड पडू देत नाहीत, ही गोष्ट आपल्या पथ्यावर पडते: अंधार हवा आहे असे म्हणणारा कलावंत त्यांना क्वचितच भेटतो. नायलॉन पेट घेते, म्हणून प्रोजेक्टरच्या गरम हवेच्या तोंडासमोर जाळे कदापि येऊ देऊ नये, आणि बाहेर पडण्याच्या वाटेवरील दिवा मालवण्याची परवानगी मागूही नये.

वारसा वास्तूत भिंतीला किंवा छताला भोक पाडता येत नाही, हे आपल्याला आधीच सांगितले गेले असेल. अशा वेळी जमिनीवर उभी राहणारी ॲल्युमिनियमची ट्रस, म्हणजे नळ्यांची जोडलेली चौकट, घ्यावी, तिच्या पायांत वजने ठेवावीत आणि पाय जमिनीला लागतात तेथे नमदा किंवा रबर घालावे. जाळ्यांसाठी हीच ट्रस वापरता येते. पण प्रोजेक्टर आणि जाळी एकाच आडव्या नळीवर टांगू नयेत. जाळ्याला कोणी हात लावला की चित्र थरथरते.

माझी स्वतःची एक फजिती सांगतो, कारण आपल्या चाचणीचे वर्णन वाचून मला तीच आठवली. काही वर्षांपूर्वी एका जुन्या इमारतीतील दालनात आम्ही दोन झोतांचे काम लावले. संग्रहालय बंद झाल्यावरच काम करायला मिळत असल्याने सगळ्या चाचण्या रात्री झाल्या आणि चित्र अगदी दृष्ट लागण्यासारखे उतरले. उद्घाटन दुपारी चारला होते. सव्वाचार वाजता पश्चिमेकडच्या, वर छताजवळच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी आत आली आणि बरोबर पडद्याच्या मधोमध बसली. पाहुणे उभे, कलावंत माझ्याकडे पाहतो आहे, आणि मी शिडी शोधतो आहे. शेवटी चहावाल्याच्या टेबलावरची काळी कापडी झालर काढून झरोक्याला लावली. तेव्हापासून मी दालनात एक पूर्ण दिवस नुसता बसतो आणि दर तासाला भिंतीचा फोटो काढतो. आपण चाचणी किती वाजता घेतली ते लिहिलेले नाही. ती संध्याकाळी घेतली असेल तर ६० लक्सचा आकडा दुपारी कितीतरी वाढलेला असू शकतो, आणि तसे असेल तर वरचा माझा सगळा हिशेब झरोके झाकल्यानंतरच लागू होतो.

भिंतींच्या रंगाबद्दल थोडेसे. चित्राची भिंत फिकट राखाडी आणि बाजूच्या दोन्ही भिंती गडद असाव्यात. रंगवायला परवानगी नसेल तर बाजूंना काळे कापड सोडावे. भाड्याच्या मंडपाचे काळे कापड चमकते, ते घेऊ नये, सुती घ्यावे.

दोन महिने रोज चालणाऱ्या यंत्रांचा विचार बहुतेक जण शेवटी करतात. आठवड्यातून सहा दिवस, दिवसाला सात तास धरले तर सुमारे ३६० तास होतात, म्हणजे दिव्याच्या प्रोजेक्टरचेही आयुष्य त्यात संपत नाही. लेझरच हवा असा आग्रह त्यासाठी धरण्याची गरज नाही. चौदा मिनिटांचा व्हिडिओ दिवसाला तीसदा फिरेल. लॅपटॉपवरून कधीही चालवू नये, कारण अकरा वाजता पडद्यावर अपडेटची सूचना येते आणि दालनात ती वाचायला फक्त पहारेकरी असतो. वीज गेली आणि आली की आपोआप सुरू होऊन फेरा चालू ठेवणारा छोटा मीडिया प्लेअर घ्यावा आणि पहारेकऱ्याला एकच बटण दाखवावे. त्याच्याशी मैत्री करा. आपल्या कामाचा सर्वांत जास्त वेळचा प्रेक्षक तोच असतो, आणि चित्र सरकल्याचे पहिल्यांदा त्यालाच कळते. आवाजाचे म्हणाल तर तो कमी ठेवावा, पण प्रोजेक्टरच्या पंख्याच्या घरघरीपेक्षा वर असावा. लिलावाच्या गलक्याला ते जड जाणार नाही.

तर ७००० ल्यूमेनचा प्रोजेक्टर सध्या घेऊ नका. त्या पैशात सुती काळे कापड, ट्रस आणि दालनातील एक जादा दिवस घ्या. दालनाच्या खिडक्या आणि झरोके कोणत्या दिशेला आहेत, छताला आधीचे हुक आहेत का आणि जाळ्यांची भोके किती मोठी आहेत, हे कळवलेत तर तीन जाळ्यांची अंतरे मी अधिक नेमकी सांगू शकेन. तोवर एक जाळे आणि उसना प्रोजेक्टर घेऊन दुपारी तीन वाजता दालनात जा, दिवे बंद करा, आणि जाळे हातात धरून भिंतीकडून प्रोजेक्टरकडे हळूहळू मागे चालत या. कोठे थांबावेसे वाटते तेथे जमिनीवर खडूने खूण करा.